मदत हवी आहे: सहा वर्षांच्या लेकीला घेऊन अल्गॉनक्विनमध्ये कनू ट्रिप, मोठं माणूस मी एकटाच

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात लेकीला घेऊन कॅनडात, ऑन्टॅरिओतल्या अल्गॉनक्विन पार्कात कनूने (वल्ह्याने चालवायची हलकी, अरुंद होडी) जायचं ठरवतोय. दोन रात्री, तंबूत. बायकोला त्या आठवड्यात सुट्टी नाही, त्यामुळे आम्ही दोघंच. मला वल्हवता येतं, मित्रांबरोबर या भागात फिरलोय. पण मित्रांबरोबर कुणी दमलं तर दुसरा वल्हं घेतो, इथे तसं कुणी नाही. लहान मूल घेऊन एकट्याने गेलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

मे-जूनमध्ये तिथे काळ्या माश्या आणि डास जीव नकोसा करतात, शिवाय मे महिन्यात पाणी बर्फासारखं असतं. म्हणून ऑगस्ट. वाट अशी: 'कनू लेक' नावाच्या तळ्यावरून सकाळी लवकर निघायचं, कारण दुपारी वारा चढतो आणि त्या तळ्यावर मोटरबोटीही असतात. तिथून पुढे 'जो लेक' हे दुसरं तळं. दोन्ही रात्री मुक्काम तिथेच, म्हणजे रोज तंबू उचलायला नको. तिथे बुकिंग तळ्याचं होतं, ठरावीक जागेचं नाही. जो आधी पोचेल त्याची जागा. उशीर झाला तर भुकेलं पोर घेऊन जागा शोधत फिरावं लागेल, तेही लवकर निघण्याचं एक कारण.

या दोन तळ्यांमध्ये एक पोर्टेज आहे, म्हणजे मधली जमीन कनू डोक्यावर घेऊन पार करायची. अंतर जेमतेम 300 मीटर. पण एकट्याला सामान आणि कनू एका खेपेत नेता येत नाही. आधी सॅक, मग रिकामं परत, मग कनू. दोन्ही टोकांना पाणी, त्यामुळे लेकीला कुठल्याच टोकाला थांबवून जाता येत नाही. ती तिन्ही वेळा बरोबर चालणार, म्हणजे तिचे 900 मीटर. आणि कनू डोक्यावर असली की मला समोरची दोन-चार पावलंच दिसतात. मागे असेल तर ती दिसणारच नाही, अगदी पुढ्यात असेल आणि माझा पाय घसरला तर कनू तिच्या अंगावर. दहा-बारा पावलं पुढे, लाइफजॅकेट अंगात तसंच ठेवून आणि गाणं म्हणत चालायचं, असं मी ठरवलंय. आवाज बंद झाला की मी थांबणार. याहून चांगली रीत आहे का?

आता कनूचा तोल. पुढच्या सीटवर वीस किलोची पोर आणि मागच्या सीटवर मी, असं बसलं की पुढचं टोक वर उठतं आणि वारा कनूला हवं तिकडे वळवतो. यावर उपाय म्हणजे कनू उलट्या दिशेने चालवायची. पुढच्या सीटवर मागच्या टोकाकडे तोंड करून बसायचं, म्हणजे मी मध्याच्या जवळ येतो. जड सॅक पलीकडच्या टोकाला, लेक माझ्यासमोर तळाशी मॅटवर, हात लांब केला की पोचेल अशी. काही कनूंना त्या सीटजवळ आडवी दांडी असते, मग पाय घालता येत नाहीत. भाड्याची कनू घेताना तुम्ही आणखी काय बघून घेता?

लाइफजॅकेट तिच्या वजनाचं, पायांमधून पट्टा असलेलं घेतलंय. खांद्याला धरून उचलून पाहिलं, हनुवटीवर सरकत नाही. शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि 15 मीटरची तरंगती दोरी कायद्यानेच लागते, ती आहे. तिला कनूला बांधायचं मात्र कधीच नाही, हे सगळ्यांनाच सांगावंसं वाटतं. कनू उलटली तर तीच दोरी जिवावर बेतेल.

थंडीची काळजी मला अस्वलापेक्षा जास्त वाटते. अस्वलासाठी खाणं झाडाला टांगता येतं, तंबूत काही न ठेवण्याचं पथ्य पाळता येतं. पण वल्हवून मी घामाघूम असतो, ती मात्र तळाशी एका जागी बसून गारठत असते, आणि खेळात असली की सांगत नाही. अधूनमधून मानेमागे हात लावून बघायचा, एवढंच सध्या माझ्या हाती आहे. किती वेळाने काठाला लागून पळवावं?

हे सगळं एकीकडे आणि बायकोचा प्रश्न एकीकडे: "तू पडलास तर तिनं काय करायचं?"

मी तंबूजवळ पाय मोडून घेतला किंवा शुद्ध हरपली, तर तिथे माणूस म्हणून फक्त ती असेल. फोनला रेंज धरून चालता येत नाही, म्हणून सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसली तरी उपग्रहावरून मदत मागता येणारं यंत्र) घेतोय. घरी सराव सुरू केलाय: बाबा उत्तर देत नसेल तर पाण्याकडे जायचं नाही, जंगलात जायचं नाही, तंबूपाशीच थांबायचं, तीन वेळा शिट्टी वाजवायची, मग त्या यंत्राचं झाकण उघडून लाल खुणेचं बटण दाबून धरायचं. खऱ्या यंत्रावर सराव करता येत नाही, म्हणून पुठ्ठ्याचं केलंय. ती ते नीट करते. पण परवा रात्री झोपताना तिने विचारलं, "बाबा, तू तिथे पडणारेस का?" मी जवळ घेऊन सांगितलं की शाळेत आगीची तालीम असते तशी ही तालीम. तेवढ्याने तिचं समाधान झालं असं मला वाटत नाही.

म्हणून विचारतो. तुमच्या मुलांना हे कसं शिकवलंत, म्हणजे त्यांना जमेलही आणि रात्रीची झोपही उडणार नाही? सहाव्या वर्षी एवढी भिस्त मुलावर ठेवावी का, की दुसरं एखादं कुटुंब शेजारच्या जागेवर असल्याशिवाय जाऊच नये? बुकिंग अजून बदलता येईल. पोर्टेजच नसलेलं तळं सुचवलंत तरी चालेल, तिला पाण्यावर न्यायचं आहे, अंतर कापायचं नाही.