विजेच्या आणि पेट्रोलच्या मोटारींनी रस्त्याचा खर्च कसा उचलावा?

प्रश्न – दापोली
माझी मोटार पेट्रोलची आहे. शेजाऱ्यांनी अलीकडेच विजेवरची घेतली. खेडला जाण्यासाठी आम्ही एकच रस्ता वापरतो, मात्र प्रत्येक लिटरमागे मी केंद्राचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि राज्याचा मूल्यवर्धित कर भरतो, तर त्यांना यातले काहीच लागू होत नाही. विजेच्या गाड्या वाढाव्यात असे मलाही मनापासून वाटते. पण त्या वाढल्यावर रस्त्यासाठी पैसा कोणाकडून आणि कोणत्या हिशेबाने घ्यावा, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर – चिपळूण
रस्तेबांधणीच्या कामात माझे आयुष्य गेले, म्हणून आधी झिजेविषयी लिहितो. आसावरील भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी साधारण सोळापट होते, हा अमेरिकेतील जुन्या चाचण्यांतून आलेला आणि जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. बॅटरीमुळे विजेची मोटार काहीशी जड असते हे खरे, तरी चिरे भरलेल्या ट्रकपुढे दोन्ही मोटारींची झीज नगण्यच ठरते. त्यातून आपल्याकडे गटारे तुंबली की पाणी डांबराखाली शिरते आणि ज्या रस्त्यावर फारशी वर्दळ नाही तोही उखडतो. त्यामुळे पावसापायी होणारा खर्च सर्व वाहनांवर ठरावीक वार्षिक रकमेने बसवावा आणि उरलेला वजन व अंतर यांच्या प्रमाणात घ्यावा.

उत्तर – गुहागर
माझी गाडी विजेची आहे आणि रस्त्याचा वाटा देण्यास माझी हरकत नाही. न्यूझीलंडने विजेच्या मोटारींची सवलत ३१ मार्च २०२४ रोजी संपवली. तेव्हापासून त्यांच्या मालकांना दर हजार किलोमीटरसाठी ७६ डॉलर आगाऊ भरावे लागू लागले. डिझेल गाड्यांना तेथे हीच पद्धत पूर्वीपासून आहे. आपल्याकडेही दर आत्ताच जाहीर करून काही वर्षांनी लागू करावा, म्हणजे आज गाडी घेणाऱ्याला पुढचा खर्च ठाऊक असेल.

उत्तर – सावंतवाडी
तत्त्व मान्य, पण ज्या वाडीत एस.टी. क्वचितच येते तेथील माणसाला दवाखाना, बाजार, तहसील कचेरी यांसाठी गाडी काढावीच लागते आणि त्याचे किलोमीटर शहरातल्यापेक्षा अधिक भरतात. उपग्रहाधारित टोलसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये केलेल्या नियमात राष्ट्रीय महामार्गावरचे रोजचे पहिले २० किलोमीटर विनाशुल्क ठेवले आहेत. तसेच येथेही काही अंतर सर्वांना माफ असावे. माणूस कोठे गेला हे नोंदवणारे यंत्र मात्र नको. विम्याच्या नूतनीकरणावेळी मीटरवरचा आकडा नोंदवला तरी पुरे.

प्रश्नकर्ता – दापोली
सर्वांचे आभार. किलोमीटरचा आकार माझ्याकडूनही घेतला, तर पेट्रोलवरचा उपकर तेवढा कमी व्हायला हवा, अन्यथा मी दोनदा भरेन. अडचण अशी, की उपकर केंद्राचा आणि मोटार वाहन कर राज्याचा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने विजेच्या गाड्यांवर लावलेला अंतराचा कर तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये याच अधिकाराच्या मुद्द्यावर रद्द केला. म्हणून केंद्र आणि राज्य यांनी आधी एकत्र बसून कोण किती घेणार हे ठरवावे, दर त्यानंतर.