मालवणी थाळीच्या गावात किमची: खाऊन बघावी की सोडून द्यावी?

किनारपट्टी:
गेल्या वर्षभरात रत्नागिरी ते मालवण या पट्ट्यात चार ठिकाणी कोरियन पदार्थ खाल्ले. हॉटेलांची नावं सांगत नाही. दोन ठिकाणांबद्दल चांगलं लिहिण्यासारखं काही नाही आणि मालक ओळखीचे आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोरियन जेवण कोकणात यायला हवं, पण येतंय ते चुकीच्या दाराने. मेनूत काय असतं? पाकिटातलं रामयन (कोरियन नूडल्स), वर चीजची चकती, २५० रुपये. कॉर्न डॉग. 'कोरियन फ्राइड चिकन', म्हणजे चायनीज गाडीवरच्या लॉलीपॉपला गोड चटणीचा हात. समुद्राची गाज ऐकू येत असताना मी हे खातोय आणि मेनूत एक मासा नाही! ज्या देशाच्या तीन बाजूंना समुद्र, जिथे साध्या सूपचं पाणीसुद्धा सुक्या मासळीवर उकळतात, त्याचं जेवण आपण कोंबडी आणि चीजवर आणून ठेवलं.

एका ठिकाणी मात्र पाजोन मिळालं. पिठात कांद्याची लांबलांब पात, त्यात म्हाकुलाचे (स्क्विडचे) तुकडे आणि कोळंबी, तव्यावर कडा कुरकुरीत होईपर्यंत भाजलेलं, सोबत सोया सॉस आणि व्हिनेगरचं पातळ तोंडीलावणं. घावनाची चुलत बहीणच. तिथलीच तोकबोक्कीही बरी होती. तांदळाच्या पिठाच्या चिवट नळ्या, लाल तिखट-गोड रश्श्यात. शिरवाळ्यांची उकड मळताना आईच्या हातून चोरून खाल्लेल्या गोळ्याची आठवण झाली. (ही तोकबोक्की मुळात लाल नव्हती बरं का. राजवाड्यातली सोया सॉसची. लाल रश्शाची पसरली ती कोरियन युद्धानंतर.)

तुम्ही काय काय खाल्लंत आणि पैसे वसूल झाले का?

खवचट_मालवणी:
पैसे वसूल? मी किमची, म्हणजे त्यांची ती आंबवलेली तिखट कोबी, मागवली. आली ती कोबीची कोशिंबीर: व्हिनेगर, साखर आणि रंगाला काश्मिरी मिरची. आंबवल्याचा मागमूस नाही. ८० रुपये वेगळे लावले. कोरियात म्हणे असल्या तोंडीलावण्याच्या वाट्या जेवणासोबत फुकट येतात आणि संपल्या की पुन्हा भरून मिळतात. ती एवढी एकच चांगली पद्धत, आपल्याकडे नेमकी तीच आली नाही.

पण माझा मुद्दा वेगळाच. ज्या गावात हॉटेलात तिरफळं घातलेलं बांगड्याचं सार धड मिळत नाही, तिथे किमचीची काळजी कशाला? कुळथाची पिठी कुठे मिळते सांगा. खापरोळी? फणसाची भाजी? पर्यटक येतो, सुरमई फ्राय आणि पनीर मागतो, की आमचा मेनू तेवढाच. निम्मं स्वतःचं जेवण मेनूतून गायब असताना दुसऱ्याचं अर्धवट जेवण आणून ठेवायचं, याला हौस नाही, न्यूनगंड म्हणतात.

तळ्यातमळ्यात:
आमच्याकडे तर रोजचा तमाशा. घरात बांगड्याचा तिकला शिजताहा आणि झील म्हणता, माका रामयन होया! आवशीन रांधलेला आधी खावा, मगे कोरियात जावा.

चुलीपुढची:
खवचटदादा, मी स्वतः किमची करते, म्हणून थोडी हॉटेलवाल्यांची बाजू घेते. आमचा दापोलीजवळ होमस्टे आहे. लेकीने कोरियन मालिका बघून बघून डोकं खाल्लं म्हणून सुरुवात केली.

कोबीला मीठ लावून ती लवली की धुवायची. मग तांदळाच्या पिठाची पातळ खळ, लाल मिरचीची भरड, लसूण, आलं आणि खारवलेली बारीक कोळंबी असा लेप पानापानाला लावायचा. पुढचं काम मिठात तगणारे जिवाणू करतात. आंबटपणा त्यांच्यामुळे येतो, व्हिनेगरने नाही. कोरियात ही बरणी हिवाळ्यात जमिनीत पुरत असत, म्हणजे आतली थंडी एकसारखी राहते आणि आंबायला कित्येक आठवडे मिळतात. आता तिथल्या घरांत किमचीसाठी वेगळा फ्रीजच असतो. आणि आपल्याकडे? मे महिन्यात सकाळी भरलेली बरणी दुसऱ्या दिवशी फसफसते, तिसऱ्या दिवशी तोंडात धरवत नाही. वर ती लांबट पानांची चिनी कोबी आमच्या बाजारात मिळत नाही, मुंबईहून येते, आणि येईपर्यंत अर्धी सडते. दिवसाला चार ताटं जाणाऱ्या हॉटेलने व्हिनेगर ओतलं तर मला राग येत नाही, कीव येते.

पण यावर उपाय कोरियन बायकांनीच काढून ठेवलाय. किमची एकट्या कोबीची थोडीच असते? मुळ्याच्या फोडींची असते, तिला काकदुगी म्हणतात. काकडीची असते. न आंबवता लगेच खायचीही असते, ती गोत्जोरी. मुळा आणि काकडी आपल्या आठवडी बाजारात ढिगाने मिळतात. मी पावसाळ्यात तवशाची (मोठ्या काकडीची) करते, त्यात गोड्या पाण्यात धुतलेला जवळा घालते. पाहुणे विचारतात, हे कुठलं लोणचं? आणि फार आंबलेली टाकून द्यायची नसते हं. तीच भातात परतायची किंवा रश्श्यात घालायची. तिकडे मुद्दाम आंबटच घेतात त्याला.

हिवाळ्याआधी सगळं गाव मिळून किमची घालतं, त्या किमजांगला २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आमच्या सासूबाई ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आगोटच की." मेमध्ये मसाला, सुकी मासळी, आमसुलं भरून ठेवायची आपली धावपळ. फक्त आपल्या आगोटीला कुणी यादीत घालत नाही.

बंदरावरचा:
मासे नाहीत हा मुद्दा शंभर टक्के. रत्नागिरीत राणी माशाचा लगदा करून गोठवतात, सुरिमी. पूर्व आशियात अशाच लगद्याच्या वड्या, खेकड्याच्या खोट्या कांड्या करतात आणि त्या किम्बापच्या, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या, गुंडाळीत घालतात. मासा आमच्या बंदरावर उतरतो आणि आमच्याच हॉटेलातल्या 'कोरियन' मेनूत चिकन सॉसेज! म्हाकुलही तसंच. आमच्या लहानपणी ते कुणी हौसेने घेत नसे, आता निर्यातीमुळे बोटीवरच भाव ठरतो. कोरियात म्हाकुल गोचुजांगमध्ये (मिरचीच्या आंबवलेल्या चटणीत) मोठ्या आचेवर झटपट परततात. जास्त वेळ ठेवलंत की रबर. आपल्याकडचे आचारी नेमके तिथेच चुकतात.

शाकाहारी_पण_हौशी:
माझी तक्रार ऐका. 'व्हेज बिबिम्बाप' मागवला. भात, पालक, गाजर, मोड, वर लाल चटणी, छान लागला. सोबतचं सूप अर्धं प्यायल्यावर वेटर सहज बोलला की ते सुक्या मासळीचं. श्रावणी सोमवार होता. हॉटेलवाल्याला दोष किती द्यायचा कळत नाही, कारण त्या जेवणात मासा दिसत नाही, पण असतो: किमचीत, सूपच्या पाण्यात, भाजी परततानासुद्धा. म्हणून आधी विचारा. आणि ज्यांना खरंच शुद्ध हवं त्यांच्यासाठी तिथल्या बौद्ध मठांचं जेवण आहे. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. कुणीतरी कोकणात तेवढंच सुरू करा, मी पहिला गिऱ्हाईक.

खवचट_मालवणी:
चुलीपुढची ताई, तुमची तवशाची किमची मी खाईन. पण तुम्ही घरी करता, हॉटेलवाला करत नाही, हाच तर माझा मुद्दा. तो गोचुजांगचा डबा विकत आणतो, साताठशे रुपये किलो, आणि त्याची किंमत माझ्या ताटातून वसूल करतो. तेच पैसे बचत गटाच्या मालवणी मसाल्याला दिले असते तर? शिवाय ते गोडूस तिखट. आपल्या जिभेचं नाहीच ते.

किनारपट्टी:
आपल्या जिभेचं म्हणजे नक्की कुठलं? मिरची आपलीही नाही, त्यांचीही नाही. दोघांकडे ती अमेरिकेतून आली, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर. कोरियात तिची जुनी नोंद १६१४ सालच्या ग्रंथात आहे. त्याआधीची त्यांची किमची पांढरी, आपलं कालवणही मिरीचं. म्हणजे साधारण एकाच सुमाराला दोघांची तोंडं पोळायला लागली.

आणि तिरफळांचा अभिमान सांगताय तर ऐका. तिरफळाच्याच वंशातलं एक फळ कोरियात आहे, चोपी. त्याची भुकटी चिखलातल्या माशांच्या सारावर भुरभुरतात, वास मारायला. आपण बांगड्यात तिरफळं कशासाठी ठेचून टाकतो? गोचुजांग गोडूस लागतं ते त्यातल्या तांदळामुळे. आंबताना त्याची साखर होते. साखर ओतलेली चटणी वेगळी, ती मलाही नको.

बचत गटाचं मान्य. पण मालवणी मसाला न विकला जाण्याचं कारण किमची नव्हे, पनीर आहे. तुम्हीच वर लिहिलंत.

खवचट_मालवणी:
चोपीचं माहीत नव्हतं. बरं. पण म्हणून रामयनवरची चीजची चकती माफ होत नाही. तांदळाचे आपण, तांदळाचे ते. आमचा उकड्या तांदळाचा भात, वर मुळ्याची ती काकदुगी, बाजूला भाजलेला बांगडा, असं ताट कुणी १८० रुपयांत दिलं तर मी कोरियन म्हणून खाईन, मालवणी म्हणूनही खाईन. देत नाहीत. कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

चुलीपुढची:
फोटोचं खरंय. माझ्याकडे पाहुणे विचारतात, "ते चीज ताणलं जातं ना, ते आहे का?" मी सांगते, आंबोळी ताणून बघा.

बंदरावरचा:
वादात एक गोष्ट राहिली. हे सगळं जूनपर्यंतच. यांत्रिक मच्छीमारी बंद झाली की दोन महिने ताजं म्हाकुल कुठून आणणार? तेव्हा त्या पाजोनवाल्याने सुकट घालून करावं. कोरियन लोक बारीक सुकी मासळी सोया सॉस आणि तिळात परतून रोज खातात. आपल्या सुक्या मांदेलीचीच जात ती.

खवचट_मालवणी:
@किनारपट्टी, त्या पाजोनवाल्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एकदा जाऊन बघतो. चांगलं निघालं तर इथे लिहीन, नाही निघालं तरी लिहीन.

किनारपट्टी:
पाठवला. सोमवारी बंद असतं. आणि पाजोन मेनूवर छापलेलं नाही, मागावं लागतं.