एकट्या पालकाने मुंबईत घर कुठे बघावं? दादरची एक खोली की डोंबिवलीचा टू बीएचके?

अबोली_नाशिक
मुलगा जूनमध्ये पहिलीत जाईल. घटस्फोटाला दोन वर्षं झाली. इतके दिवस माहेरी, नाशिकला राहून घरून काम केलं. आता ऑफिसने पाचही दिवस लोअर परळला बोलावलंय. तेव्हा घर शोधतेय, भाड्याचं. दोन पर्याय हाताशी आहेत. दादर पश्चिमेला जुन्या इमारतीत सव्वादोनशे फुटांची खोली, भाडं ३२ हजार. डोंबिवली पूर्वेला टू बीएचके, भाडं २१ हजार.

ओळखीतले सगळे डोंबिवली म्हणतात. मला ते पटत नाही. का, ते नीट मांडते.

दोघं असतील तर लांबचं घर जमतं, कारण एकजण गाडीत असताना दुसरा घरी असतो किंवा निदान लवकर पोचू शकतो. मी एकटी आहे. शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका असं सांगितलं. मुलांच्या झोपेसाठी निर्णय चांगलाच आहे. पण माझं ऑफिस साडेनऊचं. डोंबिवलीहून आठच्या आसपासची फास्ट पकडायची, दादरला उतरून पश्चिम रेल्वेचा पूल चढायचा, तिथून लोअर परळ. दारापासून दारापर्यंत दीड तास धरावाच लागतो. म्हणजे मी पावणेआठला बाहेर आणि शाळा नऊला. सव्वा तास पोराजवळ कोण? शाळा दीडला सुटणार, मी पोचणार रात्री आठला. पुन्हा साडेसहा तास कोण? दादरला राहिले तर शाळेत स्वतः सोडून दोन स्टेशनं जायचं, आणि साडेसहाला घरी. वरचे ११ हजार मी मोठ्या घरासाठी मोजत नाहीये, रोजचे पावणेतीन तास विकत घेतेय.

माझी कसोटी एकच आहे. शाळेतून फोन आला, 'ताप आलाय, घेऊन जा', तर अर्ध्या तासात मी तिथे असले पाहिजे.

फडके_रोड
अबोलीताई, मी अकरा वर्षं डोंबिवलीत एकटीने मुलगी वाढवतेय. मिस्टर गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. हिशेब तुम्ही बरोबर केलात, पण त्यातली एक गोष्ट चुकतेय. दुसरी खोली ही चैन नाही. ती तिसऱ्या माणसासाठी असते. माझी आई वर्षातले सात-आठ महिने माझ्याकडे असते. ती नसते तेव्हा गावाकडची मावशी येते. सव्वादोनशे फुटांत तुम्ही आणि मुलगा झोपलात की पाहुण्याची चटई पसरायला जागा उरत नाही. मग तुम्ही खरोखर एकट्या पडता.

आणि आजारी तो एकटाच पडणार नाही, तुम्हीही पडाल. मला डेंग्यू झाला होता तेव्हा आठ दिवस मुलीचा डबा समोरच्या घरातून गेला. मी सांगितलं नव्हतं. दरवाजा उघडा असतो, त्यांना दिसलं.

अबोली_नाशिक
तिसऱ्या माणसाचा मुद्दा मी खरंच धरला नव्हता. आई पंच्याहत्तरची आहे, वडील नाशिक सोडायला तयार नाहीत. म्हणजे ती येऊन-जाऊन राहील. तरी तुमच्याकडे आई आणि मावशी आहेत म्हणून ते घर चालतं. माझ्याकडे ती दोन माणसं कायम नाहीत. मग मोठं घर रिकामं पडेल आणि पोरगा पाळणाघरात.

तिसरा_मजला
मी अशाच आईची मुलगी. डोंबिवलीच. २६ जुलै २००५ ला मी आठ वर्षांची होते. आई दादरला नोकरीला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद, फोन लागेनात. मी शाळेतून आले ती शेजारच्या काकूंकडे गेले आणि तिथेच राहिले. आई दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा आली. बरंच अंतर पाण्यातून चालत, पुढे एका ट्रकने. तोवर काकूंनी मला दोनदा आंघोळ घालून, गरम वरणभात भरवून झोपवलं होतं. मला भीती वाटल्याचं आठवत नाही. अंताक्षरी खेळल्याचं आठवतं.

म्हणून मी सांगेन, आई किती मिनिटांवर आहे हे मुलाला कळत नाही. कोणाचं दार वाजवायचं हे कळतं. तशी दारं जिथे असतील तिथे राहा.

अबोली_नाशिक
वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण मी हे त्या आईच्या जागी उभं राहून वाचलं. दीड दिवस तिला तुम्ही कुठे आहात हे माहीत नव्हतं. दादरला राहणारी बाई त्या दिवशी गुडघाभर पाण्यातून का होईना, संध्याकाळपर्यंत घरी पोचली असती. तुमचीच गोष्ट मला दादरकडे ढकलते.

तिसरा_मजला
आईला विचारलं आत्ता. ती म्हणते, 'मला माहीत होतं तू काकूंकडे असणार.' एवढंच सांगते.

घोडबंदर_बाबा
वडिलांची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. मुलगी नऊ वर्षांची, ताबा माझ्याकडे. शेजारधर्माबद्दल इतकं गोड बोललं जातंय, पण तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. मला पहिला प्रश्न, 'घरी बाईमाणूस कोण?' दोन घरमालकांनी टोकन परत केलं. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'कमिटीची परवानगी आणा' म्हणून तीन आठवडे लोंबकळत ठेवलं. नंतर उपविधी वाचले. सभासदाने घर भाड्याने देताना सोसायटीला आधी कळवायचं असतं, कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेली भाडेकरूची माहिती द्यायची असते. परवानगी मागायची नसते. अबोलीताई, तुम्हालाही हे कोणी ना कोणी ऐकवणार, तेव्हा लक्षात असू द्या. आणि करार रजिस्टर केल्याशिवाय डिपॉझिट पूर्ण देऊ नका. लिव्ह अँड लायसन्स नोंदवणं घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे.

माझं मत दादरच्या बाजूने, पण कारण वेगळं. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे मुलाला रोज 'बाबा कुठे असतात?' विचारतात. माझ्या मुलीला आईबद्दल लिफ्टमध्ये विचारायचे. शहराच्या आत लोकांना तेवढा वेळ नसतो, आणि मुलाला ते बरं पडतं.

फडके_रोड
दादा, तुमच्या मुलीला विचारणारे लोक चुकलेच. पण दादरच्या जुन्या इमारतीत, सामाईक गॅलरीत, कोणी विचारणार नाही असं वाटतंय का? तिथे तर भाजी कोणती केली तेही कळतं.

शनिवार_दुसराचौथा
मी दुसऱ्या बाजूला आहे. मुलगा आईकडे असतो, मला महिन्यातले दोन शनिवार मिळतात. ती वसईहून पनवेलला गेली तेव्हा माझे शनिवार प्रवासात जायला लागले, मुलगा गाडीत झोपायचा. त्याला मी आवडेनासा झालो असं मला वर्षभर वाटायचं. तो फक्त दमलेला असायचा. ताई, निकालपत्रात मुलाच्या राहण्याच्या जागेबद्दल किंवा भेटीबद्दल अट आहे का ते आधी बघा, आणि अट नसली तरी त्याच्या वडिलांचा रस्ता मोजा.

अबोली_नाशिक
हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. त्याचे बाबा पुण्याला असतात, महिन्यातून एकदा भेट. पुण्याच्या बऱ्याच गाड्या दादरला थांबतात, म्हणजे त्यांनाही सोयीचं.

फडके_रोड
कल्याणलाही थांबतात. आमच्यापासून दोन स्टेशनं.

बदलापूर_बॅरेज
भाडं भरण्यापेक्षा बदलापूरला स्वतःच्या नावावर घ्या ना. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे.

अबोली_नाशिक
सूट माहीत आहे आणि घर घ्यायचंच आहे, पण आत्ता नाही. नोकरी, शाळा, शहर, तिन्ही नवीन असताना वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर नको. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. माझा अर्धा तास तिथून कल्याण ओलांडता ओलांडताच संपेल.

घोडबंदर_बाबा
कंपनीत पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते. एचआरला विचारलंत का?

अबोली_नाशिक
विचारलं. आहे, पण सहा वर्षांपर्यंतच. हा जुलैत सहाचा होईल. डोंबिवलीहून तर नेताच आला नसता, सव्वाआठच्या लेडीज डब्यात दप्तरासकट पोराला घेऊन चढायची माझी हिंमत नाही.

फडके_रोड
ताई, ठरवण्याआधी एक करा. कुठल्याही बुधवारी माझ्याकडे या, मुलालाही आणा. माझ्याबरोबर गाडी पकडा, त्याला आईजवळ ठेवा, संध्याकाळी परत या. तो कसा होता ते डोळ्यांनी बघा. मग दादर घेतलंत तरी मी सामान लावायला येईन.

अबोली_नाशिक
येते, येत्या बुधवारी. तरी मन अजून दादरकडेच आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. तुमच्या बोलण्याने एवढं मात्र बदललं की त्या सव्वादोनशे फुटांच्या खोलीला मी काल नाही म्हणाले. माळा असलेली, दोन अंथरुणं वेगळी पडतील अशी खोली शोधतेय, आई आली तर तिला पाठ टेकायला जागा हवी. प्रभादेवी, माहीम, परळच्या बाजूलाही चालेल. आणि दीड ते साडेसहा मुलांना घरी सांभाळणाऱ्या, जेवायला वाढणाऱ्या कोणी ताई रानडे रोडच्या आसपास असतील तर कृपया कळवा. खोलीआधी मी त्यांना भेटेन.