उत्तरायणानंतर चार दिवस दीवला: काय करावे आणि काय गाळावे?

दांडियाबाजारकर यांचा प्रश्न

नमस्कार. वासी उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचे, उरलेसुरले पतंग उडवून झाले की आम्ही चौघे बडोद्याहून चार दिवसांसाठी दीवला जाणार आहोत: मी, यजमान, नऊ वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण समुद्र पाहण्याची हौस घरात सर्वांत जास्त त्यांनाच आहे. यजमानांनी दीव, सोमनाथ, सासण गीर आणि परतताना भावनगर असा बेत कागदावर मांडला असून तो वाचूनच मला थकवा आला. शेजारी मात्र म्हणतात की दारूबंदीच्या राज्यातले लोक दीवला एकाच कारणासाठी जातात आणि बाकी सारे तासाभरात पाहून होते. तेथे चार दिवस निवांत राहण्याजोगे खरोखर काही आहे का? की दुसऱ्याच दिवशी कंटाळून आम्ही गाडीत बसू?

चांपानेरी यांचे उत्तर

ताई, त्या कागदावरून सिंहांचे सासण गीर आधी खोडा. सफारीचे परवाने आधीपासून काढावे लागतात, जाण्यायेण्यात अख्खा दिवस जातो आणि दुखऱ्या गुडघ्यांना जीपचे हिसके सोसत नाहीत.

दीवचा किल्ला मात्र तासाभरात उरकू नका. आपल्या बडोदेकरांशी त्याचा एक धागा जुळतो, जो मला तिसऱ्या खेपेस उमगला. १५३५ मध्ये हुमायूनने आपल्या शेजारचे चांपानेर घेतले, तेव्हा गुजरातचा सुलतान बहादुरशाह पळत दीवला पोहोचला आणि मोगलांविरुद्ध मदत मिळावी म्हणून त्याने पोर्तुगीजांना येथे किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांनी, १५३७ मध्ये, त्याच पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो दीवजवळच्या समुद्रात प्राणास मुकला. पुढे १५४६ च्या वेढ्यात किल्ल्याची पडझड झाली, तेव्हा डागडुजीसाठी कर्ज हवे म्हणून गव्हर्नर जुआंव द काश्त्रो याने तारण म्हणून आपल्या दाढीचे केस गोव्याच्या नागरिकांकडे पाठवले होते. मुलीला ही गोष्ट आधी सांगा आणि मग तटावर न्या. माझ्या भाचीने तोफा सोडून दाढीबद्दलच पंचवीस प्रश्न विचारले. तटाच्या दगडांना खाऱ्या वाऱ्याने मधाच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत, त्यांत बोट घालून पाहण्यातही मुलांचा चांगला वेळ जातो.

किल्ल्याजवळच्या नायडा गुंफा पोर्तुगीजांनी बांधकामासाठी दगड काढल्यामुळे तयार झाल्या असे मानतात. छतातल्या भोकांतून ऊन तिरपे खाली उतरते, म्हणून ऊन वर आल्यावर जा. खालची जमीन खडबडीत असल्यामुळे सासूबाईंनी तेथे फार आत जाऊ नये.

आयएनएस खुकरीचे स्मारकही जरूर पाहा. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवपासून काही अंतरावर ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. तेथून चक्रतीर्थाचा किनारा जवळ आहे. जानेवारीत साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हे ठिकाण संध्याकाळसाठीच राखून ठेवा.

मूळचेरत्नागिरीचे यांचे उत्तर

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु त्यात समुद्राचे वेळापत्रक राहून गेले. सुट्टीच्या गावात घड्याळ आपले चालत नाही, भरती-ओहोटीचे चालते, आणि हे मी आईला घेऊन गेलो तेव्हा स्वतःच्या फजितीतून शिकलो. फुदम गावाजवळ खडकाच्या कपारीत गंगेश्वर आहे. तेथे लहानमोठी पाच शिवलिंगे असून पांडवांनी ती स्थापली अशी श्रद्धा आहे. भरतीच्या लाटा थेट त्यांवर येतात. आम्ही हौसेने दुपारी पोहोचलो तेव्हा ऐन भरती होती, पिंडींच्या जागी नुसता फेस उसळत होता, आणि आई हातात बेलाची पाने धरून दोन तास पायरीवर बसून राहिली. मी चिडलो, पण ती मात्र सांगत होती की देवाची आंघोळ चालली आहे, थांब जरा. पाणी उतरू लागले तसे आधी सर्वांत मोठ्या पिंडीचे डोके दिसले, मग एकेक करून बाकीच्या, आणि शेवटच्या पिंडीभोवती एक इवलासा खेकडा प्रदक्षिणा घालत होता. ते दोन तास आता आईच्या तोंडी त्या सहलीचा मुख्य प्रसंग म्हणून येतात.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे कोकणातले गणित येथे घोकून वापरू नका, कारण प्रत्येक बंदराची वेळ निराळी असते. पोहोचल्याबरोबर स्थानिकांना विचारा आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला साधारण पन्नास मिनिटे वाढवत जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढते आणि कमीच उतरते.

डुंबण्यासाठी नागवा हा घोड्याच्या नालासारखा वळलेला किनारा सगळ्यांना ठाऊक आहे, पण शनिवार-रविवारी तेथे पाय ठेवायला जागा नसते. २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचे आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालेला घोघला अधिक मोकळा आणि सपाट आहे. सासूबाईंना खुर्चीवर बसून पायांवर लाटा घेता येतील. वॉटर स्कूटरचा दर आधी ठरवा. माझ्याकडून एका चालकाने उतरल्यावर दुप्पट पैसे मागितले होते आणि ओल्या कपड्यांत वाद घालण्यात माझीच शोभा झाली.

अपडाऊनवाला यांचे उत्तर

फक्त प्रवासाविषयी लिहितो. गाडीने वटामण, धोलेरा, भावनगर, तळाजा, महुवा, उना असा रस्ता चारशे किलोमीटरच्या आसपास पडतो, तो सासूबाईंना एका दमात जड जाईल. त्यापेक्षा रात्रीच्या रेल्वेने वेरावळला उतरा आणि सकाळी सोमनाथ करून दुपारपर्यंत दीव गाठा, म्हणजे सोमनाथसाठी वेगळा दिवस मोडणार नाही. सोमनाथला नव्या मंदिराजवळच अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेले मंदिर आहे. पुष्कळ लोक त्यावरून तसेच पुढे निघून जातात, आपण मराठी माणसांनी तरी जाऊ नये.

रो-रो फेरीच्या, म्हणजे गाड्यांसकट माणसे नेणाऱ्या बोटीच्या, मोहात पडू नका. ती सुरतेजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला जाते आणि घोघा म्हणजे दीवचे घोघला नव्हे. माझ्या मेव्हण्याच्या हा घोटाळा तिकिटे काढल्यावर लक्षात आला.

परतताना बाटली सामानात ठेवू नका. दीवमध्ये जे चालते ते हद्द ओलांडताच गुन्हा ठरते.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. गीर आणि भावनगर दोन्ही खोडले, आणि यजमानांनी विशेष कुरकुर न करता रेल्वेची तिकिटे पाहायला घेतली. रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी सोमनाथ व गुरुवारी परत, असे ठरत आहे. गंगेश्वराचा प्रसंग सासूबाईंना वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या की मला भरतीतच न्या, ओहोटीची पिंड काय घरीही दिसते. एक शंका राहिली: तेथे फांद्या फुटलेली ताडासारखी झाडे असतात असे ऐकले, ती कोणती?

मूळचेरत्नागिरीचे

ते होका. आपल्या ताडामाडांना फांद्या नसतात, याचे खोड मात्र दुभंगत जाते. नागव्याच्या रस्त्यावर रांगेने दिसतील. फळ तपकिरी, चिवट आणि किंचित गोडसर असते, सासूबाईंच्या दातांना झेपेल असे वाटत नाही. आणि भरतीतच जायचे असेल तर पायऱ्या ओल्या असतात, काठी विसरू नका.