मदत हवी आहे: ‘इझन्ट शी ग्रेट’ शनिवारी लावू की नको?

सायली_एन
कुणी ‘इझन्ट शी ग्रेट’ पाहिलाय का? बेट मिडलरचा. शनिवारी लावायचाय आणि आज रात्रीपर्यंत सगळ्यांना कळवायचंय. नेटवर एक तर नुसती धुलाई वाचायला मिळते, नाहीतर ‘बेट मिडलर आहे म्हणजे बघाच’. दोन्हींचा मला उपयोग नाही. ज्यांनी शेवटपर्यंत पाहिलाय त्यांनीच लिहा, प्लीज. लावू की नको?

राजाभाऊ
कुठे लावणार आणि कुणासमोर? घरी मैत्रिणींत की मंडळाच्या कार्यक्रमात? लहान मुलं असतील तर नको. भाषा मोकळी आहे, अमेरिकेत मोठ्यांसाठीचं ‘आर’ सर्टिफिकेट मिळालं होतं.

तांबडं_फुटलं
हा चरित्रपट आहे की काल्पनिक? कुणाबद्दल आहे तेच धाग्यात लिहिलेलं नाही.

सायली_एन
चरित्रपट आहे हो, जॅकलिन सुझान या अमेरिकन कादंबरीकार बाईचा. आमच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी तिची ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ वाचून संपवली, म्हणून. मुलं नाहीत. लावू की नको एवढंच हवंय.

जुना_वाचक
मी २००० साली थिएटरात पाहिला होता, नंतर डीव्हीडीवर पुन्हा. माझं मत: लावू नका.

कारण सांगतो. सुझान ही न्यूयॉर्कची एक पडेल नटी. रंगभूमीवर जमलं नाही, टीव्हीवर जमलं नाही. चाळिशी उलटल्यावर तिची पुस्तकं यायला लागली. पहिलं पुस्तक १९६३ चं, आपल्या पूडल कुत्रीवर. मग १९६६ मध्ये ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’. ती न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत २८ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. त्यानंतर १९६९ ची ‘द लव्ह मशीन’ आणि १९७३ ची ‘वन्स इज नॉट इनफ’ याही पहिल्या क्रमांकावर गेल्या. लागोपाठ तीन कादंबऱ्या त्या जागी नेणारी ती पहिली लेखिका. १९७४ मध्ये ५६ व्या वर्षी गेली.

आता एवढं हाताशी असताना सिनेमानं काय केलं? तिला एक लाडकी, गडबडी, गोड बाई करून टाकलं. खरी सुझान गोड नव्हती. भांडकुदळ होती, हिशेबी होती, टीकाकाराला समोरासमोर सुनवायची. तो धारदारपणाच काढून टाकला तर उरतात फक्त कपडे. चित्रपट सपाटून आपटला, कमाई जेमतेम ३० लाख डॉलर. मिडलरला रॅझीचं, म्हणजे सर्वात वाईट कामाच्या पुरस्काराचं, नामांकन मिळालं ते वेगळंच.

मृण्मयी_के
जुना_वाचक, कमाईवरून सिनेमा ठरवायचा असेल तर सुझानच्या पुस्तकांना थोर म्हणावं लागेल, आणि तसं तुम्ही म्हणणार नाही! मला आवडला. नेथन लेन तिच्या नवऱ्याच्या, अर्व्हिंग मॅन्सफिल्डच्या भूमिकेत आहे. स्वतः प्रसिद्धीच्या धंद्यातला असलेला हा माणूस बायकोच्या पुस्तकासाठी जिवाचं रान करतो. बायकोच्या यशानं फुलणारे नवरे पडद्यावर किती दिसतात सांगा. आणि डेव्हिड हाइड पियर्सचा तो इस्त्री केलेला संपादक! तो हस्तलिखित हातात धरतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, तेवढ्यासाठी मी सिनेमा पुन्हा लावते. जॉन क्लीज प्रकाशक आहे, स्टॉकर्ड चॅनिंग मैत्रीण, संगीत बर्ट बॅकरॅकचं. शनिवार संध्याकाळ मजेत जाईल. सायली, बिनधास्त लाव.

जुना_वाचक
संपादकाचं बोललात म्हणून सांगतो, तिथेच घोळ आहे. सिनेमाचा आधार मायकल कोर्डाचा १९९५ चा ‘न्यूयॉर्कर’मधला लेख. कोर्डानं तिची ‘द लव्ह मशीन’ संपादित केली, सायमन अँड शुस्टर या प्रकाशनात. ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ बर्नार्ड गाइस या छोट्या प्रकाशकाची, तिथला संपादक निराळा. सिनेमात सगळं ‘व्हॅली’च्याच वेळी घडतं. ज्यांनी नुकतीच कादंबरी वाचलीय त्यांना हे खरं वाटेल.

मृण्मयी_के
विनोदी सिनेमा आहे, प्रबंध नाही. प्रसंग एकत्र करावेच लागतात.

सदाशिव_पेठकर
चरित्रपट आणि विनोद एकत्र हवा असेल तर महेश मांजरेकरांचा ‘भाई’ लावा. २०१९ चा, दोन भाग आहेत. आपल्या माणसांना आपला माणूस दाखवा.

सायली_एन
पुलं कादंबरीकार नव्हेत आणि आमचं पुस्तक ठरलेलं आहे. विषयावर या.

तांबडं_फुटलं
अवांतर आहे पण लिहितोच. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्या वाचनालयांतून हातोहात जायच्या. सुहास शिरवळकर कॉलेजच्या पोरांच्या उशाशी असायचे. त्यांच्या ‘दुनियादारी’वर २०१३ मध्ये सिनेमा आला आणि चालला, पण खुद्द लेखकावर? अर्नाळकरांवर? लोकांनी फाटेस्तोवर वाचलेल्या माणसांना आपण चरित्रपटाच्या लायकीचं समजत नाही. सुझानचा सिनेमा फसला असेल, पण निदान कुणाला करावासा तरी वाटला.

जुना_वाचक
यावर शंभर टक्के सहमत. वेगळा धागा काढा, मी येतो.

रेवा
मला वाटतं दोघांचंही एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालंय. लोकप्रिय लेखिकेचा सिनेमा म्हणजे ती लोकप्रिय कशी झाली त्याचा सिनेमा असायला हवा. सुझाननं पुस्तक विकलं ते पायाला भिंगरी लावून. पहाटे पुस्तकांच्या गोदामावर जायची, ट्रक भरणाऱ्या ड्रायव्हरांना कॉफी आणि डोनट द्यायची, कारण पेपरबॅकचा गठ्ठा दुकानात पुढे ठेवायचा की मागे हे शेवटी त्यांच्या हातात. दुकानातल्या विक्रेत्यांची नावं तिला पाठ असायची, त्यांना आभाराची पत्रं जायची. प्रकाशकाकडून प्रसिद्धीसाठी औषधाच्या चिठ्ठीसारखी पत्रकं निघाली होती, कादंबरीतल्या ‘डॉल्स’ म्हणजे गोळ्या म्हणून. त्या काळी लेखकानं असं दारोदार जाणं हलकं समजलं जायचं. आज प्रत्येक लेखक तेच करतो.

सिनेमात दौरा आहे, पण गाण्यावर भरभर उरकलाय. माझ्या हातात असतं तर अख्खा सिनेमा त्या गोदामावर उभा केला असता.

सायली, दाखवायचाच असेल तर आधी दहा मिनिटं हे सांग आणि मग लाव.

कोकणकन्या
पर्याय सुचवते. १९९८ चा ‘स्कॅन्डलस मी’ हा टीव्ही सिनेमा आहे, मिशेल ली आहे त्यात. तो गंभीर आहे. नाहीतर सरळ १९६७ चा ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ लावा, शॅरन टेट आणि पॅटी ड्यूक. पुस्तक वाचलंयच तर तुलना करता येईल.

जुना_वाचक
१९६७ चा सिनेमा खुद्द सुझानला आवडला नव्हता, जरी ती त्यात बातमीदार म्हणून क्षणभर दिसते. आणि शोधताना १९७० च्या ‘बियाँड’ लावलेल्या नावावर जाऊ नका, त्याचा कादंबरीशी संबंध नाही.

राजाभाऊ
सायलीताई, तुम्ही अमेरिकेत आहात का? क्लबहाउसमध्ये दाखवणार असाल तर विकत घेतलेली डीव्हीडी पुरत नाही, सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना लागतो. हे आधी बघा, बाकी सगळं नंतर.

सायली_एन
हो, न्यू जर्सीत एडिसनला आहे. घरीच दाखवतेय, क्लबहाउसमध्ये नाही. परवाना विचारला नव्हता.

मला जे विचारायचंय ते कुणीच सांगत नाहीये. त्यात तिचा कॅन्सर कसा दाखवलाय?

रेवा
हे आधी का नाही लिहिलंस? कुणासाठी विचारतेयस?

सायली_एन
ग्रुपमधल्या एकीची स्तनाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट नुकतीच संपली. सुझानला तोच होता हे गुगलवर वाचलं तेव्हापासून माझा जीव खालीवर होतोय. विनोदी सिनेमात त्यावर हशा असेल तर मी लावणार नाही, मग बाकी काहीही असो.

मृण्मयी_के
हशा नाही त्यावर. ती आणि नवरा सेंट्रल पार्कमधल्या एका झाडापाशी जाऊन देवाशी बोलतात, भांडतात. ते विनोदी आहे, पण आजाराची टिंगल नाही.

जुना_वाचक
टिंगल नाही हे मान्य. माझी तक्रार उलटी आहे. १९६२ च्या शेवटी शस्त्रक्रिया झाली. तिनं देवाकडे आणखी दहा वर्षं मागितली आणि त्या दहा वर्षांत जगातली सर्वाधिक खपाची लेखिका व्हायचं ठरवलं. हे सगळं लोकांपासून लपवून. गाय नावाचा तिचा मुलगा ऑटिस्टिक, संस्थेत ठेवलेला, तेही लपवून. टीव्हीवर हसत पुस्तक विकणारी बाई आतून हे ओझं वाहत होती. सिनेमात दोन्ही गोष्टी आहेत, पण प्रत्येक वेळी पुढच्या विनोदाची घाई. दुखऱ्या जागेवर तो थांबतच नाही.

अनघा_एस
मी स्वतः यातून गेले आहे, म्हणून लिहिते. हा सिनेमा मी ट्रीटमेंटनंतरच पाहिला. झाडाखाली ती देवावर ओरडते ते मला अजिबात लागलं नाही, उलट बरं वाटलं. मीही ओरडले आहे. लागलं ते दुसरंच: तिला सगळं कुणाला न सांगता करावं लागलं. सहावारी नीट चापून नेसून, लिपस्टिक लावून ऑफिसला जायचे ते दिवस आठवले, शेजारच्या टेबलावर कळू नये म्हणून.

सायली, तुझ्या मैत्रिणीच्या वतीनं तू किंवा आम्ही कुणी ठरवू नये. ती आजारी होती, लहान मूल नाही. तिला सरळ विचार. आजारपणात सगळ्यात जास्त त्रास मला याचा झाला की माझ्यासाठी काय योग्य ते बाकीचे कुजबुजत ठरवायचे.

मृण्मयी_के
अनघाताई, +१. याच्यापुढे माझं मत गौण आहे.

सदाशिव_पेठकर
अनघाताई, तब्येत जपा. ‘भाई’चा पहिला भाग तुम्हीही बघा, मन रमेल.

सायली_एन
तिला फोन केला. सिनेमात काय आहे ते जसंच्या तसं सांगितलं, मुलाचंही. ती म्हणाली, लाव, पण झाल्यावर लगेच चहा-समोसे काढू नकोस, मला बोलायचंय. आणि कादंबरीबद्दल तिचं मत आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे, तेही तिला मांडायचंय.

तर लावतेय. रेवा, गोदामाचं आधी सांगते. संपादकाचा घोळही सांगते, जुना_वाचक. सगळ्यांना मेसेज टाकला.

आता एकच: लायब्ररीची डीव्हीडी बाहेर गेलीय. एडिसन, इस्लिन, वुडब्रिज भागात कुणाकडे आहे का? मी येऊन नेईन. विपूत (विचारपुशीत) कळवा.

राजाभाऊ
माझ्या मेहुणीकडे असेल, ती इस्लिनला असते. विचारून सांगतो. रविवारी परत मिळेल ना?