६० हजारांत गेमिंग पीसी: एएम४ की एएम५?

मदत हवी आहे. बजेट ६० हजार, त्यात फक्त कॅबिनेट आणि आतला माल घ्यायचाय. मॉनिटर (१०८०पी, ७५ हर्ट्झ), कीबोर्ड, माउस आहेत, विंडोजचं लायसन्सही आहे.

खेळणार मुख्यतः व्हॅलोरंट आणि जीटीए ५, जमलं तर सायबरपंक. धाकट्या भावाला ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) शिकायचंय म्हणून एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाकडे कल, नाहीतर सरळ एएमडीचं आरएक्स ६६०० घेऊन मोकळा झालो असतो.

लॅमिंग्टन रोडवर फिरून दोन जोड्या काढल्यात. एक एएम४ सॉकेटची (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा), रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० १२ जीबी. दुसरी एएम५ची, रायझन ५ ७५००एफ, बी६५० बोर्ड आणि डीडीआर५ रॅम. पण एएम५ला जुनी रॅम चालत नसल्याने पैसे तिथेच जातात आणि कार्ड आरएक्स ६६००वर येतं. एक दुकानदार स्वस्तात एएम४चाच जुना बी४५० बोर्ड गळ्यात मारत होता. बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) रायझन ५००० सिरीजसाठी अपडेट केलंय का विचारलं, तर "चालेल हो, टेन्शन नका घेऊ." तिथून निघालो.

सेकंडहँड नको, जीएसटी बिल आणि वॉरंटी हवीच. घर लालबागला, एसी नाही, त्यामुळे मे महिन्यातल्या उकाड्याचा विचार करून सांगा. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई ठरलंय, त्यात बदल नाही.

तीन-चार वर्षं हाच मॉनिटर वापरणार असेन, तर पैसे कार्डात घालू की पुढे प्रोसेसर बदलता येईल अशा सॉकेटमध्ये? आणि ३०६० घेतलं तर ५५० वॅटचा ब्रॉन्झ रेटिंगचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पुरेल ना?