मदत हवी आहे : सरकारी बँकेवर लोकांचा ताबा कसा आणायचा?

मंडळी, रविवारी मालवणात आमच्या अभ्यासगटाची बैठक आहे, वाद आत्ताच पेटलाय. जुने कार्यकर्ते म्हणतात, १९६९ ला १४ आणि १९८० ला ६ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेच पुढे न्यायचं. तरुण म्हणतात, मालक बदलला, पण रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार) जाळ्यासाठी कर्ज मागायला गेला की अजून तारणच विचारतात. (राजापूरचे समाजवादी खासदार मधु दंडवते अर्थमंत्री होऊन गेले तरी, हा टोमणा वर!) सहकारी बँकेत एक सभासद एक मत खरं, पण वार्षिक सभेत चहा-वडा, हात वर, झालं.

मला १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्यातली संचालक मंडळावरच्या कामगार प्रतिनिधीची तरतूद महत्त्वाची वाटते. बँक युनियनमध्ये काम केलेलं कोणी आहे का? त्या प्रतिनिधीला प्रत्यक्षात कितपत बोलता येतं?